मूळ अर्ज सोबत जोडला आहे

नोकरीत खून, दरोडे, जाळपोळ सगळं पाहिलं. त्यातलं बरंचसं आता विसरलो. एका कॉलेजच्या मुलीचं प्रकरण मात्र विसरलेलो नाही आणि विसरायची इच्छाही नाही. त्यात माझी स्वतःची एक चूक आहे. ती झाकून हे प्रकरण सांगता येतं, बऱ्याच सत्कारांत मी तसं सांगितलंही. आज तसं सांगणार नाही.

नव्वदच्या दशकाचा मध्य असेल. जालना जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी पोलीस निरीक्षक होतो. गावात एकच सायन्स कॉलेज. खेड्यापाड्यांतल्या मुली सकाळच्या एस.टी.नं यायच्या आणि चारच्या गाडीनं परत जायच्या. चारची चुकली तर पुढची सहाला.

सकाळची हजेरी झाली की ठाण्याचं आवक-जावक सांभाळणारा जमादार टपाल घेऊन यायचा. त्या दिवशी टपालात एक आंतर्देशीय पत्र होतं. पाठवणाऱ्याचं नाव नाही. आत वळणदार अक्षरात सात-आठ ओळी. केमिस्ट्रीच्या सरांनी जर्नलवर सही देतो म्हणून एका मुलीला प्रॅक्टिकलनंतर थांबवून घेतलं, तिची चारची गाडी गेली आणि प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत तिच्यावर बलात्कार केला. मुलीनं प्राचार्यांना लेखी दिलं आहे, त्यांनी काहीच केलेलं नाही. पोलिसांनी लक्ष घालावं. बस, एवढंच.

निनावी अर्जांना आमच्या ठाण्यात तोटा नव्हता. निम्मे भावकीच्या रागातून आलेले, उरलेले निवडणुकीच्या. त्यांची विल्हेवाट लावायची एक ठरलेली रीत होती. तलाठ्याविरुद्धचा अर्ज तहसीलदाराकडे, मास्तराविरुद्धचा शिक्षण खात्याकडे. मी त्याच हातानं एका चिठ्ठीवर शेरा लिहिला, 'प्राचार्य यांजकडे चौकशी करून अहवालासाठी रवाना. मूळ अर्ज सोबत जोडला आहे.' खाली सही ठोकली. टेबलावरचा एक कागद कमी झाला म्हणून बरंही वाटलं. दखलपात्र गुन्ह्याची खबर हातात होती, कॉलेज ठाण्यापासून चालत दहा मिनिटांवर होतं, आणि मी ती खबर टपालात घातली.

सहाव्या दिवशी अहवाल आला. संस्थेच्या छापील कागदावर, सुबक टाईप केलेला. असा कोणताही प्रकार घडलेला नाही, महाविद्यालयाकडे कोणतीही तक्रार प्राप्त नाही, कुमारी अमुक अमुक हिनं विवाह ठरल्यामुळं स्वखुशीनं टी.सी. नेलेली आहे, सबब अर्ज खोडसाळ आहे. सोबत आमचं आंतर्देशीय पत्र परत. मी वाचलं, 'दप्तरी दाखल' असा शेरा मारला आणि कागद जमादाराकडे सरकवला.

जमादार निवृत्तीला आलेला माणूस. शिक्षण सातवी, पण कागद वाचायचा तर ओळीवर बोट ठेवून वाचायचा. तो जागचा हलला नाही.

"साहेब, जरा जल्दी झाली."

"काय झालं?"

"आपल्या पत्रात पोरीचं नाव न्हाई. पुन्ना वाचून पाहा. यांनी बराबर नाव लिवून टी.सी.ची कहाणी सांगितली. कोण्या पोरीचं नाव लिवायचं, हे यांना कोणी सांगितलं?"

मी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून वाचले. जमादाराचं खरं होतं. कुणी न विचारलेल्या मुलीचा खुलासा प्राचार्यांनी केला होता. अहवाल चोख करायच्या नादात त्यांनी मला मुलीचं नाव कळवलं होतं. मला माझीच शरम वाटली. इतकी वर्षं तपास केलेला मी, आणि चूक दाखवली ती आवक-जावक सांभाळणाऱ्या जमादारानं.

जालन्याहून एक महिला शिपाई मागवून घेतली. आमच्या ठाण्यात तेव्हा एकही नव्हती. दोघं साध्या कपड्यांत एस.टी.नं मुलीच्या गावी गेलो. पोलिसांची जीप दारात उभी राहिली की अर्ध्या तासात गाव जमतं आणि मग घरातला माणूस आपल्याशी बोलत नाही, गावाशी बोलतो. हे मी शिकलेलो होतो.

वडील जमीनजुमला राखून असलेले, गावानं चार शब्द ऐकावेत असे गृहस्थ. त्यांनी चहा दिला, पण नजर दिली नाही.

"आमची काई तक्रार न्हाई साहेब. भोकरदनच्या बाजूचं स्थळ आलंय, पोरगी देऊन राह्यलो. आता ह्यात कशाला पडता?"

"टी.सी. दाखवता?"

त्यांनी कपाटातून घडी केलेला कागद आणून दिला. मी तारीख पाहिली. माझं पत्र ज्या दिवशी ठाण्यातून कॉलेजला गेलं, त्याच्या दुसऱ्या दिवसाची. मुलीनं अर्ज दिल्यावर प्राचार्य बारा दिवस स्वस्थ बसले होते. माझं पत्र पोचताच वडिलांना बोलावणं गेलं आणि एका दिवसात मुलीचं कॉलेज संपलं.

आत स्वयंपाकघरात मुलगी आईबरोबर तूर निवडत बसली होती. आमची शिपाईबाई काही न विचारता तिच्याशेजारी जाऊन बसली आणि खडे वेचू लागली. मी ओसरीवर बसून वडिलांशी पिकापाण्याचं बोलत राहिलो. तास गेला, दीड तास गेला. मला दोनदा वाटलं, आत जाऊन सरळ जबाब सुरू करावा. नाही गेलो, हे बरं केलं. शिपाईबाई बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता.

"साहेब, पोरगी फिर्याद द्यायला तयार हाय. पण तिला आधी एक सांगा म्हनते. तिनं प्राचार्याला दोन पानं लिवून दिल्ती, ती कुठं हायेत?"

वडील उठून उभे राहिले. "लग्न मोडंल! पाहुण्यांना काय तोंड दाखवू मी?"

मुलगी दारात आली. "मोडू द्या बाबा. माझं खोटं हाय असं प्राचार्यांनी लिवून घेतलंय तुमच्याकडून. ते घेऊन मी सासरी जाणार न्हाई."

वडिलांनी खुंटीवरची टोपी काढून डोक्यावर घातली आणि म्हणाले, "चला." ते चला म्हणाले नसते तर पुढचं काही झालं नसतं, म्हणून मी त्या माणसाला आजही मानतो.

गुन्हा दाखल केला. मुलीचा जबाब शिपाईबाईसमोर घेतला, नंतर मॅजिस्ट्रेटपुढंही नोंदवला. वैद्यकीय तपासणीत एवढ्या दिवसांनी काही मिळणार नव्हतं, मिळालंही नाही. बचावाचा वकील काय विचारणार हे मला दिसत होतं. इतके दिवस गप्प का होतीस? त्याला एकच उत्तर होतं, ती दोन पानं. ती घटनेच्या दुसऱ्या दिवशी लिहिलेली होती. ती मिळाली तर मुलगी पहिल्या दिवसापासून बोलत होती हे सिद्ध होणार होतं. नाही मिळाली तर प्राचार्यांचा सुबक अहवालच खरा ठरणार होता.

कॉलेजच्या हेडक्लार्कला ठाण्यात बोलावलं. पन्नाशीचा, सरळ भांग पाडणारा, खिशाला दोन पेनं. त्यानं आल्या आल्या काखा वर केल्या. असा अर्ज आलाच नाही.

लोकांना वाटतं तपास म्हणजे आरडाओरड आणि पट्टा. मी हेडक्लार्कला चहा पाजला, कोरा कागद पुढं ठेवला आणि म्हणालो, "हेच स्वतःच्या हातानं लिहून द्या. अर्ज आला नाही. खाली पूर्ण नाव, हुद्दा, सही." त्यानं पेनाचं टोपण काढलं. 'मी लिहून देतो की' एवढं लिहिलं आणि थांबला.

"साहेब, हे कोर्टात जाईल?"

"जाईल."

"सही माझीच राहील? प्राचार्य साहेबांची न्हाई?"

"प्राचार्यांची कशाला? अर्ज घेण्याचं काम तुमचं."

चहा गार झाला. पंचवीस वर्षं दुसऱ्याच्या सहीखाली सुरक्षित राहिलेला तो माणूस पहिल्यांदा आपल्या सहीकडे बघत होता. मग त्यानं पेन बंद केलं. "मला फाडून टाक म्हणले होते. मी न्हाई फाडला साहेब. आलेला कागद फाडला तर उद्या माझ्यावरच येतं. घरी हाय, कपाटात, पेपराखाली."

पंच बरोबर घेतले, त्याच्या घरी गेलो, जप्ती पंचनामा केला. दोन पानं, त्यावर कॉलेजचा आवक शिक्का, तारीख, आणि समासात लाल शाईनं प्राचार्यांचा शेरा, 'चर्चा केली. दप्तरी ठेवावे.' खाली झोकदार सही.

ठाण्यात परत येऊन मी ती पानं नीट वाचायला घेतली. अक्षर ओळखीचं होतं. कपाटातून आंतर्देशीय पत्र काढून शेजारी ठेवलं. तेच वळण, तसाच लांब ओढलेला काना. निनावी पत्र दुसऱ्या कुणाचं नव्हतं, त्या मुलीचंच होतं. कॉलेज ऐकत नाही म्हणून ती नाव न घालता माझ्याकडे आली होती, आणि मी तिला तिच्याच अक्षरात परत प्राचार्यांच्या हातात दिलं होतं. पत्र तिनंच लिहिलंय, हे त्यांनी अक्षरावरून लगेच ओळखलं असणार.

प्राचार्यांना ती दोन पानं दाखवली तेव्हा ते ओरडले नाहीत, घाबरलेही नाहीत. सज्जन माणूस, गावात मान. मला समजावू लागले. "साहेब, किती प्रयत्नांनी खेड्यातले लोक पोरी पाठवायला लागले आहेत. हे बाहेर गेलं तर उद्या निम्म्या पोरी घरी बसतील. मी मुलींच्या शिक्षणाचाच विचार केला."

"त्यासाठी एक मुलगी तुम्ही स्वतःच घरी बसवलीत," मी म्हणालो. मला मनापासून राग आला होता. पण रागातही माहीत होतं, त्यांच्या आणि माझ्या शेऱ्यात फरक फक्त शाईचा होता.

आरोपी प्राध्यापकानं दोन दिवस साळसूदपणे सगळं नाकारलं. त्या दिवशी प्रॅक्टिकल संपल्याबरोबर घरी गेलो, असं तो म्हणत होता. पुढं प्रयोगशाळेच्या शिपायानं सांगितलं की पाचला किल्ली मागायला गेलो तेव्हा सर आतच होते आणि मुलगी बाहेर नळावर तोंड धूत होती. तोवर त्या शिपायाला कुणी विचारलंच नव्हतं.

जालन्याच्या सेशन कोर्टात खटला चालला. वकिलानं अपेक्षेप्रमाणं विचारलं, इतके दिवस गप्प का होतीस? सरकारी वकिलानं दोन पानं पुढं केली. आरोपीला सक्तमजुरी झाली. प्राचार्यांवर संस्थेनं काही केलं नाही. ते वेळेवर निवृत्त झाले, शाल-श्रीफळ मिळालं. ठरलेलं लग्न मोडलं. मुलीनं दुसऱ्या कॉलेजातून बी.एस्सी. पूर्ण केलं.

निकालाच्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात ती वडिलांबरोबर उभी होती. मला राहवलं नाही. मी म्हणालो, "बेटा, तुझं पहिलं पत्र प्राचार्यांकडे मीच पाठवलं होतं. फार मोठी चूक झाली माझी."

"माहीत हाय साहेब," ती म्हणाली. "प्राचार्यांनी ते माझ्यापुढं आन् बाबांपुढं ठेवलं होतं. म्हणाले, पोलिसांनीच आमच्याकडं पाठवलंय, आता कुठं जाशील? वरच्या चिठ्ठीवर तुमची सही होती."

"माहीत होतं? तरी त्या दिवशी माझ्याशी बोललीस?"

"तुमच्याशी न्हाई बोलले," ती शांतपणे म्हणाली. "त्या बाईंशी बोलले."

तोपर्यंत मी वरिष्ठांना, पत्रकारांना सांगत आलो होतो की मुलीनं पोलिसांवर विश्वास टाकला. तिनं टाकला होता तो आमच्यातल्या एका बाईवर, जी दीड तास काही न विचारता तिच्याजवळ बसली. माझ्या सहीनं तर तिचे सगळे रस्ते बंद केले होते.

पुढं अंबडला असताना आणि नंतरही, असं पत्र आलं की मी ते कुठंही पाठवलं नाही. टोपी घालून स्वतः निघालो. नव्या फौजदारांनाही तेच सांगत आलो. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्या दारात तक्रार नेऊन ठेवू नका, मग ते दार कितीही सज्जन माणसाचं असो. ते माना डोलावतात. मग मी त्यांना ती मुलगी व्हरांड्यात काय म्हणाली ते सांगतो, तेव्हा कुठं त्यांच्या माना थांबतात.

राहिलं एक. त्या तपासाच्या बक्षिसासाठी मी जी नावं पाठवली होती, त्यात जमादार होता, मी होतो. शिपाईबाई नव्हती. तिनं काय केलं, असं तेव्हा कुणी विचारलं असतं, तर मी म्हणालो असतो, काही नाही, नुसती तूर निवडत बसली होती.