साहेबांची नाल्याची परीक्षा

वाशीमजवळच्या आमच्या छोट्या विमानतळावर नाले तपासायला एक साहेब येतात. त्यांचं एकच वाक्य, "झालं समज, राजा." मी सांगतो, "साहेब, नाल्यात कमरेएवढा गाळ आहे." ते गाडीतूनच कागदावर बरोबरची खूण करतात आणि म्हणतात, "झालं समज." त्यांच्या बुटाला चिखल लागलेला मी कधी पाहिला नाही. तरीही दर तासाला ते बूट पुसतात.

वाईट बोलायची मला चोरी आहे. नववीत शाळा सोडून कोकणातून इतक्या लांब आलो, तेव्हा कामावर घेतलं ते यांनीच.

मागच्या आठवड्यात नाला वाहतो की नाही, ते टँकरचं पाणी सोडून पाहायचं होतं. धावपट्टीकडचं वरचं तोंड गाळाने बंद होतं. म्हणून साहेबांनी टँकर खालच्या टोकाला लावला, जिथून पाणी बाहेर पडतं तिथून तीन पावलांवर. पाइप मी धरला. पाणी भसाभस बाहेर आलं आणि साहेबांनी फोटो काढला.

कुंपणापलीकडे मेथी लावणारे काका हसले. "काहून साहेब, पाऊस तुमाले इचारून खालीच पडते काय?" मग माझ्याकडे वळले. "गेल्या साली नाला तुंबला अन् सारं पाणी माह्या मेथीत घुसलं. तू तं पाह्यलं ना बापू, वरचं तोंड बंद हाय ते?"

साहेब माझ्याकडे बघत होते.

मी म्हणालो, "झालं समजा, काका."