शंभरातल्या एकोणीस पेशी

रुग्णालयातल्या रक्ततपासणीच्या खोलीत ताईंची सव्वीस वर्षं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून गेली. काचपट्टीवर रक्ताचा थेंब पसरायचा, रंग द्यायचा, वाळवायचा आणि शंभर पांढऱ्या पेशी एकेक करून मोजायच्या. मोजताना कोणी हाक मारली तर त्या नुसता डावा हात वर करायच्या. पुन्हा हाक मारायची कोणाची छाती नव्हती. वयाने मोठे असलेले मुख्य डॉक्टरसुद्धा त्यांना ताईच म्हणायचे.

सख्खा भाऊ मात्र एकच. धाकटा, सुतार, भागीदारीत छोटासा कारखाना, हाताला सफाई आणि स्वभावाला हट्ट. त्याला दहा वर्षांपासून दमा होता. रोज दोन वेळा ओढायचा पंप डॉक्टरांनी दिला होता, पण पंपाची सवय लागते असं कोणीतरी त्याच्या कानात भरवलं. वर आणखी एकाने सांगितलं की दमा म्हणजे शरीराला आतून चढलेला गंज. झालं! पंप गेला खिळ्यांच्या खणात आणि फळीवर गंज घालवणाऱ्या कॅप्सूलची डबी आली.

"ताई, डबीवरच लिहिलंय की, ऑक्सिडेशन थांबतं म्हणून."

"डबीवर काय, काहीही लिहितील. पंप कुठाय?"

"आहे गं कुठेतरी."

एका दुपारी कपाटाचं दार घासताना त्याला श्वासच पुरेना. बायकोने शेजाऱ्याच्या गाडीत घालून त्याला रुग्णालयात आणलं, तेव्हा धड एक वाक्य बोलवत नव्हतं. ऑक्सिजन लावला, वाफेतून औषध दिलं आणि रक्त घेऊन ताईंच्या खोलीत पाठवलं.

चिठ्ठीवरचं नाव ताईंनी वाचलं. काचपट्टी दुसऱ्या कोणाला देता आली असती, पण त्यांनी स्वतःच मोजायला घेतली. नारिंगी दाण्यांच्या ज्या पेशी एरवी शंभरात दोन-चार दिसायच्या, त्या एकोणीस निघाल्या. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून मोजलं. एकोणीसच. आकडा लिहून त्या पाच मिनिटं नळाखाली हात धरून उभ्या राहिल्या.

तिसऱ्या दिवशी भाऊ हिंडाफिरायला लागला, तेव्हा त्यांनी त्याला आपल्या स्टुलावर बसवलं आणि त्याची तीच काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली.

"दिसतंय?"

"डाळिंब फोडल्यासारखं काहीतरी दिसतंय."

"ती तुझी पांढरी पेशी. पोटात जंत झाले तर त्यांच्यावर तुटून पडायचं, हे तिचं काम. तुझ्या छातीत जंत नाहीत, आहे ती लाकडाची धूळ. तरी या पेशी तिथे जमतात, दाणे फोडतात आणि ऑक्सिजनचा असा जहाल प्रकार सोडतात की श्वासनळीचं अस्तरच पोळतं. मग ते सुजतं आणि वाट अरुंद होते."

"म्हणजे गंजाचं खोटं नव्हतं तर!"

"अर्धं खरं होतं. पण या पेशी तिथे गोळा होऊ नयेत म्हणून पंप असतो. कॅप्सूलने ते काम होतं असं कोणी सिद्ध केलेलं नाही."

तो बराच वेळ डोळा काढेना. "आपलीच माणसं घरात शिरून मारताहेत," तो म्हणाला.

"आपल्या घराण्यातलीच ती. ऐकतात कुठे कोणाचं?"

भाऊ हसला, खोकला, पुन्हा हसला. घरी जाऊन त्याने पंप शोधला. कारखान्यात धूळ ओढणारं यंत्र बसवलं, तोंडाला मास्क लावला आणि घासकाम भागीदाराकडे दिलं. त्यावरून तो दोन महिने फुरंगटून होता, कारण भागीदाराच्या हाताला ती सफाई नव्हती. चार महिन्यांनी एकोणीसचे सहा झाले. अधूनमधून छाती अजून वाजते, पण कामावर खाडा होत नाही.

ताईंना मात्र चटकच लागली. पंप सोडून दिलेला कोणी दमेकरी दिसला की त्या त्याला स्टुलावर बसवायच्या. एकदा मुख्य डॉक्टर दारात उभे राहिले.

"ताई, हे काय प्रदर्शन मांडलंय?"

"फुकट आहे, डॉक्टर. बसा तुम्हीपण."

डॉक्टर घड्याळ बघत निघून गेले. पुढच्या आठवड्यात तीनदा पंप सोडलेल्या एका शिक्षकाला त्यांनीच चिठ्ठी देऊन ताईंकडे धाडलं. गुरुजींनी इतके प्रश्न विचारले, की त्या दिवशीचे रिपोर्ट तासभर उशिरा गेले.