मगरींचा हौद आणि स्पेशल चहा

बसा, बसा. आधी तो पंखा वाढवा, कारण या किश्शात माकडटोपी आहे आणि तीही ऐन चैत्रातली! नुसती आठवण काढली तरी माझ्या कानामागं घाम येतो.

मला तुम्ही ओळखताच. औरंगपुऱ्यात कापडाचं दुकान, शाळा सातवीपर्यंत, पुढचं सगळं शिक्षण गादीवर बसून. माणूस पायरी चढला की मी त्याच्या चपलेकडं बघून सांगतो, हा घेणारा आहे की नुसता हात लावून जाणारा. अशा माणसाची फजिती म्हटल्यावर तुम्हाला आनंद होणारच. होऊ द्या!

एक गोष्ट मात्र आधी सांगून ठेवतो. आम्हा दुकानदारांची एक आतली भाषा असते. मी दुकानातल्या नोकराला ओरडलो, "रफिकभाई, पाहुण्यांना चहा सांगा," तर चहा येतो. पण "स्पेशल चहा सांगा" म्हणालो, तर रफिकभाई मोठ्यानं "जी सेठ!" म्हणतात आणि जागचे हलत नाहीत. स्पेशल म्हणजे काय, तर हे लोक घेणार काही नाहीत, चहा वाया घालवू नका! गिऱ्हाईकाचा मान राहतो, आपलं दूध राहतं. ही युक्ती आमच्या पेठेबाहेर कुणाला ठाऊक नाही, असा माझा समज होता.

तर झालं असं, की आमच्या अश्विनीचं लग्न ठरलं. मुलगा प्रशांत, शेंद्र्याला कंपनीत इंजिनिअर. त्याचे वडील रंगनाथराव, देवगाव रंगारीचे शेतकरी. आवाज असा, की या बांधावरून बोलले तर तिसऱ्या शेतातला बैल मान वर करेल. मागणी काही नाही, मानपानाची कुरकुर नाही. पोरगी खूश, तिची आई खूश. आणि मी? अहो, साडीत एकही खोट दिसली नाही तर मी ती उन्हात नेऊन पुन्हा बघतो. इतकं बिनखोट स्थळ मला पचेल कसं?

बस्त्याचा दिवस आला. बस्ता म्हणजे लग्नाची कापडखरेदी. ती माझ्याच दुकानात होणार हे उघड होतं. बायका आधी बांगड्या बघायला गेल्या आणि दुकानात आले दोघं जण, रंगनाथराव आणि त्यांचे मेहुणे, म्हणजे नवऱ्या मुलाचे मामा, भगवानराव. मी उठून नमस्कार केला, लोड सरकवला आणि सवयीनं तोंडातून निघून गेलं, "रफिकभाई, पाहुण्यांसाठी स्पेशल चहा सांगा!"

"जी सेठ!" रफिकभाई म्हणाले आणि शालूची घडी उलगडत राहिले.

जीभ चावली मी. पण आता पुन्हा सांगावं तर बिंग फुटायचं. म्हटलं, खेड्यातली साधी माणसं, त्यांना काय कळतंय? आणि चांगले शालू काढायला आत गेलो.

आत म्हणजे कुठं, तर मधल्या कपाटाच्या पलीकडं. इकडं मी, तिकडं ते, मध्ये कापडाच्या ठाणांची चळत. आणि तिकडून कुजबुज ऐकू आली. ज्या माणसाचा आवाज बैलाला ऐकू जातो तो माणूस कुजबुजतोय! माझे कान टवकारणार नाहीत तर काय?

"दाजी, काय बी म्हणा, पोरीचा बाप मला पहिल्यापासून बनेल वाटला," मामा म्हणाला.

"वरून कापडाचं दुकान, अन् आत गाठी फोडल्या की काय निघतंय!"

"पण पोरगं बी लई वस्ताद. लग्नाचं सोंग करतंय, अन् ऐन अक्षता पडायच्या टायमाला बापाच्या हातात बेड्या."

"हळू बोल ना मर्दा! पाहुणे ऐकतील."

माझ्या हातातला शालू खाली पडला. माझ्या हातातून कापड आजवर कधी पडलेलं नाही, लिहून घ्या! लग्नाचं सोंग? बेड्या? आणि माझ्या गाठी फोडल्या तर सुरतेच्या साड्यांशिवाय निघणार काय? तरी मी मागं जाऊन दोन गाठी दाबून पाहिल्याच. स्वतःच्याच गाठी! संशय एकदा शिरला की तो घरच्यांनाही सोडत नाही.

बाहेर आलो तर दोघं एकदम गप्प. मग रंगनाथराव हसून म्हणतात कसे, "शेठ, दुकान लई जुनं दिसतंय. तळघर-बिळघर आहे का खाली?"

"नाही!" मी इतक्या जोरात ओरडलो की रफिकभाई दचकले.

मामानं रंगनाथरावांकडं बघितलं. रंगनाथरावांनी मामाकडं बघितलं. आणि दोघंही उपरण्याआड हसले. अर्धा बस्ता झाला, उरलेला गुरुवारी करू म्हणून मंडळी गेली.

घरी आल्या आल्या मी बायकोला बाजूला घेतलं. "अगं, तो मुलगा इंजिनिअर नाहीच. कुठल्यातरी खात्याचा माणूस आहे. माझ्यावर धाड घालायला लग्न करतोय."

"तुमच्यावर?" ती म्हणाली. "तुमच्याकडं आहे काय धाड घालण्यासारखं? गेल्या दिवाळीचे परकर पडून आहेत, ते नेले तर बरंच होईल."

बायकांना गांभीर्य नाही! मी रफिकभाईंना शेंद्र्याला पाठवलं, मुलाची माहिती काढायला. संध्याकाळी ते परत आले.

"सेठ, लडका सीधा है. गेट पे कार्ड दिखाता, दरवाजा अपने आप खुलता, अंदर चला जाता."

"कार्ड? कसलं कार्ड?"

"मालूम नै. गले में लटका रैता, फोटू वाला."

फोटोचं कार्ड! दार आपोआप उघडतं! मला आणखी काय पुरावा पाहिजे होता? आता हसू नका. आज मलाही माहीत आहे की कंपनीत झाडूवाल्याच्या गळ्यातही तसलं कार्ड असतं.

मी फोन उचलला आणि रंगनाथरावांना म्हणालो, मुहूर्त जरा पुढं ढकलावा म्हणतो. वाटलं, चिडतील, कारण विचारतील. पण ते शांतपणे म्हणाले, "तुम्ही म्हणाल तसं. गुरुवारी समक्ष बोलू." बघा! चिडला नाही. निर्दोष माणूस चिडतो हो!

फोन ठेवला तर मागं अश्विनी उभी. डोळे भरलेले, पण आवाज सरळ. "बाबा, त्याच्यात खोट दिसली असेल तर दाखवा. मीच नाही म्हणेन. पण नुसत्या शंकेवर मोडू नका."

त्या रात्री जेवण गेलं नाही. शंका खरी असेल तर पोरीचा जन्म वाया, आणि खोटी असेल तर पोरीच्या हातचं चांगलं स्थळ मी माझ्या हातानं घालवलेलं. ठरवलं, गुरुवारी छडा लावायचाच.

गुरुवारी पाहुण्यांची वेळ टळून गेली. तेवढ्यात रफिकभाई धावत आले. "सेठ, वो दोनो सामने की होटल में बैठे हैं. कब से! इधर आतेच नै."

दुकान समोर असताना हॉटेलात कशाला बसतील? कट शिजवायलाच ना? मी तयारीतच होतो. काशीयात्रेला घेतलेली माकडटोपी चढवली, तोंडाला मास्क लावला, डोळ्यांवर अश्विनीचा गॉगल. रफिकभाई माझ्याकडं बघतच राहिले. "सेठ, तुमकू तो अम्मी भी नै पैचानेंगी!"

झालं! अंगात बळ आलं. हॉटेलात शिरलो आणि रंगनाथरावांच्या बरोबर मागच्या खुर्चीवर, पाठीला पाठ लावून बसलो. घाम टोपीतून गॉगलवर, गॉगलवरून मास्कमध्ये. वेटर माझ्याकडं असा बघत होता, जणू गल्ला मीच पळवणार आहे.

"मांडवात हेलिकॉप्टर उतरवायचं, हेच मला पटत नाय," मामा म्हणत होता.

"का बरं? हेलिकॉप्टर पायजेच! नाय तर लोकांनी बघायचं काय?"

खेड्यापाड्यात हल्ली नवरदेव हेलिकॉप्टरनं येतात हे मी ऐकून होतो. पण आम्ही तर मंगल कार्यालय ठरवलेलं. हेलिकॉप्टर उतरणार कुठं, स्वयंपाकघरावर?

"अन् त्या मगरी? पोरीच्या बापाला मगरींच्या हौदात ढकलायचं म्हंजी लई झालं, दाजी."

"लई? मी तर म्हणतो कमीच झालं. त्याची लायकीच ती."

अहो, मगरी! जायकवाडीत आहेत म्हणतात, तिथून आणणार की काय?

"बरं, मगरी जाऊ द्या," मामा म्हणाला. "पण नुसता टोपी-गॉगल घालून तो बापाच्या शेजारी येऊन बसतो, अन् बापाला पत्ता नाय? बारकं लेकरू बी ओळखील!"

"नाय ओळखत! माणूस बोलण्याच्या नादात असला, की शेजारी कोण बसलंय ते बघत नाय."

आता माझं काय झालं ते नीट ऐका. रंगनाथरावांनी उपरणं खुर्चीच्या पाठीवर टाकलं होतं आणि त्याचं टोक माझ्या हाताशी आलं होतं. डोकं मगरींत अडकलेलं, पण हात? हात कापडवाल्याचा! त्यानं मला न विचारता ते टोक चिमटीत धरलं, अंगठा फिरवला, उलटं करून काठ पाहिला, आणि ताणून सोडलं.

रंगनाथराव मागं न वळता म्हणाले, "शेठ, पोत कसा काय वाटला?"

मी गोठलो. एवढ्या उन्हात गोठलो!

मामा टेबलावर थाप मारून ओरडला, "बघा दाजी! टोपी-गॉगलनं माणूस लपत नाय! हरलात तुम्ही! पिच्चर भंगारच आहे!"

"टोपी-गॉगलनं तर मी फसलोच होतो की! मी चिमटीवरनं ओळखलं. पिच्चर एक नंबर!"

पण मी तोवर खुर्चीवरून उठलो होतो. टोपी फेकली आणि ओरडलो, "आणा मगरी! आणा हेलिकॉप्टर! मला ढकला हौदात! पण माझ्या पोरीच्या लग्नाचं सोंग करू नका!"

भट्टीवरचं दूध उतू गेलं तरी कुणी हललं नाही.

"मगरी?" रंगनाथराव म्हणाले. "शेठ, त्या 'खुफिया पंजा'तल्या हो!"

मग उलगडा झाला. 'खुफिया पंजा' नावाचा जुना हिंदी हेरपट! या दाजी-मेहुण्यांनी तरुणपणी सायकलवर येऊन पाहिलेला, आणि तेव्हापासून भांडण सुरू. एक म्हणतो असा पिच्चर पुन्हा होणे नाही. दुसरा म्हणतो एवढा भंगार दुसरा नाही, आणि खात्री करून घ्यायला दर वर्षी पुन्हा बघतो! त्यातल्या हिरॉईनचा बाप कापडाचा व्यापारी. दुकानाखाली तळघर, गाठींत हिरे, आणि हिरो लग्नाचं सोंग करून त्याला धरणारा हेर. मुलासाठी कापडवाल्याची पोरगी ठरली आणि यांचं जुनं भांडण नव्यानं पेटलं. तुलना मला ऐकू जाऊ नये म्हणून बिचारे कुजबुजत होते!

मी हसलो. मामा हसला. पण रंगनाथराव हसले नाहीत.

"म्हंजी मुहूर्त तुम्ही याच्यापायी ढकलला?"

"हो," मी म्हणालो. आणि खरं तेवढं एकदाच सांगून टाकावं म्हणून पुढचंही सांगितलं, "आणि प्रशांतच्या मागं माणूसही लावला होता. एकुलती एक पोरगी आहे हो. घाबरलो."

त्यांनी चहाचा कप बाजूला सारला. मला वाटलं, संपलं. अश्विनीला आता कुठल्या तोंडानं सांगायचं?

"काय सापडलं तुमच्या माणसाला?"

"मुलगा गेटवर कार्ड दाखवतो."

"मग?" रंगनाथरावांच्या मिशा हलल्या. "कार्ड दाखवणारा जावई चालंल ना?"

मी त्यांचे दोन्ही हात धरले. ते म्हणाले, "चला, मुहूर्त हाय तोच ठेवू. अर्धा बस्ता राहिलाय."

तिघं दुकानात आलो. मन असं भरून आलं होतं म्हणता! या माणसांसाठी काय करू आणि काय नको! पायरीवरूनच हाक मारली, "रफिकभाई! माझ्या व्याह्यांसाठी एकदम स्पेशल चहा सांगा!"

"जी सेठ!" रफिकभाई म्हणाले आणि साड्यांच्या घड्या घालत बसले.

शालू पसंत झाला. आहेराची लुगडी निघाली. चहा कुठं? माझ्या लक्षातच येईना. शेवटी रंगनाथरावांनीच घसा खाकरला.

"शेठ, माझी बहीण करमाडला दिलीय. तिच्या घरी कापडाचंच दुकान हाय. स्पेशल म्हंजी काय, ते तिनं आम्हाला कवाच सांगितलंय."

मी हातातलं लुगडं खाली ठेवलं. "म्हणजे... त्या दिवशीसुद्धा?"

"त्या दिवशी बी," मामा म्हणाला. "नाय तर शेठ, तुमचं दुकान समोर असताना आज आम्ही हॉटेलात चहा पीत कशाला बसलो असतो?"