रड्यांच्या खोलीतला संदेश

चर्चच्या अगदी मागच्या टोकाला, छत्र्या ठेवायच्या कोपऱ्याला लागून एक खोली होती. तिचं खरं नाव बालकक्ष. दारावर तशी पाटीही होती, पाटीवर एक हसरं कोकरू रंगवलेलं होतं. पण मंडळीतलं कोणीही तिला बालकक्ष म्हणत नसे. सगळे म्हणत, रड्यांची खोली. उपासना चालू असताना कोणाचं पोर भोकाड पसरायला लागलं, की पुढच्या बाकांवरचे म्हातारे माना वळवून असे काही बघत, की ती आई मुकाट्याने पोर उचलून मागे जायची. खोलीला पुढच्या बाजूने मोठी काच होती. काचेतून पाळकसाहेब दिसायचे, गायनमंडळ दिसायचं, पुढच्या म्हाताऱ्यांची टकलं दिसायची. आणि ऐकू यावं म्हणून भिंतीवर एक स्पीकर बसवलेला होता. तो मुका होता.

या खोलीत दर रविवारी आपल्या दोन पोरांना घेऊन जी बसायची, तिला सगळे स्टेनोबाई म्हणत. बरीच वर्षं ती कोर्टात लघुलेखिका होती. साक्षीदार बोलायचा, ही लिहायची. साक्षीदार अडखळला तर ही त्याचं अडखळणंसुद्धा लिहायची. पदरचा एक शब्द घालायचा नाही आणि समोरच्याचा एक गाळायचा नाही, ही तिची सवय हाडीमाशी खिळलेली. त्या काळात रविवारी ती दुसऱ्या बाकावर बसायची, कानात प्राण आणून पाळकसाहेबांचा संदेश, म्हणजे त्यांचं प्रवचन, ऐकायची आणि घरी जाताना नवऱ्याला तो जसाच्या तसा म्हणून दाखवायची. नवरा मेकॅनिक. गायनमंडळात खालचा सूर लावायचा. त्याने तो संदेश नुकताच स्वतःच्या कानांनी ऐकलेला असायचा, पण बिचारा वाटभर हूं हूं करायचा.

मग मुलगी झाली. बोलायला लागली तशी तिने आईची उलटतपासणी सुरू केली, म्हणून तिचं नाव पडलं वकीलबाई. देवाला झोप येते का? येत नाही तर तो रात्रभर करतो काय? त्याला कंटाळा येत नाही? कशावरून? हे ‘कशावरून’ ऐकलं की स्टेनोबाईला कोर्टच आठवायचं, फक्त इथे पिंजऱ्यात ती स्वतः उभी असायची. वकीलबाईच्या पाठीवर ढब्बू आला. तो बोलत नसे, पण ओरडून सगळं मिळवत असे. दोघांचं करताना नोकरी सुटली.

आता दिवस कसा जायचा ते विचारू नका. एका मोज्याचा जोडीदार शोधायचा तर तो ढब्बूच्या तोंडात सापडायचा. अंडं उकडेपर्यंत दूध उतू जायचं, दूध पुसेपर्यंत अंडं फुटायचं. सकाळी सगळ्यांच्या आधी उठून प्रार्थना करावी म्हणून ती स्वयंपाकघरातल्या स्टुलावर डोळे मिटून बसायची. दोन शब्द होतात न होतात तोच एक ओलं बोट येऊन तिची पापणी वर उचलायचं.

“आई, आत आहेस?” वकीलबाई विचारायची.

आत कोणी आहे का, हाच तर प्रश्न होता. स्टेनोबाईला हल्ली मनातून भीती वाटायची की आपण आत कोरड्या पडत चाललोय. देवाबद्दल काही ऐकावं तर काचेपलीकडे, आणि देवाशी काही बोलावं तर पापणी वर. ती नवऱ्याला म्हणायची, “मला एकच रविवार दे. एकच. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत मला ऐकायचंय.” नवऱ्याने बायकोच्या प्रेमापोटी शिडी लावून तो मुका स्पीकर उघडला होता. इंजिनाला हात लावला तर इंजिन बोलतं असा त्याचा लौकिक. स्पीकर आधी निदान खरखरायचा तरी, त्या दिवसापासून तेही बंद झालं. त्याने हळूच शिडी घडी करून ठेवली आणि दोघांनीही तो विषय पुन्हा काढला नाही.

खरी भानगड सुरू झाली ती वकीलबाईमुळे. एका रविवारी ती काचेला नाक चिकटवून उभी होती.

“पाळककाका काय सांगतायत?”

“मला नाही ऐकू येत, बाळा.”

“मग तू कशाला बघतेस?”

तेवढ्यात पलीकडे पाळकसाहेबांनी दोन्ही हात लांब पसरले. स्टेनोबाईच्या तोंडून निघून गेलं, “ते सांगतायत, एक होडी होती. एवढी मोठी.” मग पाळकसाहेबांनी मूठ आपटली, तेव्हा वादळ आलं. त्यांनी चष्मा पुसला, तेव्हा होडीतली माणसं रडली. त्यांनी घड्याळाकडे बघितलं, तेव्हा जरा पंचाईत झाली, पण स्टेनोबाईने तीही निभावून नेली: प्रभू म्हणाला, घाबरता कशाला, मला वेळच वेळ आहे.

पुढच्या रविवारी बेकरीवालीचा मुलगा येऊन बसला. त्याच्या वरच्या ओठावर सदा दुधाची रेघ, म्हणून तो मिशीवाला. मग त्याच्यामागून बाकीची पोरं आली. बेकरीवालीही भिंतीला टेकून, झोपेने जड झालेले डोळे ताणून ऐकू लागली. पहाटे भट्टी पेटवणारी बाई ती, इतर वेळी या खोलीत बसल्या बसल्या डुलक्या काढायची. रड्यांच्या खोलीत कोणी रडेनासं झालं.

स्टेनोबाईचा जीव मात्र खालीवर होई. पाळकसाहेब जे बोललेच नाहीत ते ती त्यांच्या नावावर खपवत होती. कोर्टात असं केलं असतं तर मला घरी बसवलं असतं, असं ती स्वतःलाच म्हणायची. मग आठवायचं, ती घरीच तर बसली होती.

आणि गंमत अशी की तिला हे आवडत होतं. आठवडाभर भांडी घासता घासता, ढब्बूचं नाक पुसता पुसता तिच्या डोक्यात नवीनच चौकशा सुरू व्हायच्या. येशू दीड वर्षाचा असताना ताटलीतलं खाली फेकत असेल का? फेकलं तर त्याची आई मरीया काय म्हणायची? त्याला कडेवर घेऊन तिचा हात आखडत असेल ना? इतकी वर्षं संदेश ऐकले, पण हे प्रश्न तिला कधी पडले नव्हते. समोर ढब्बू ताटली उपडी करायचा आणि ती चिडायच्या ऐवजी त्याच्याकडे टक लावून बघत राहायची, की हा हे नेमकं का करतो? ताटली पडते की नाही ते बघायला? दरवेळी तितक्याच आनंदाने? ढब्बू संशयाने आईकडे बघायचा आणि दुसरी वाटी उचलायचा.

मग एक दिवस पाळकसाहेब घरी भेटायला आले. स्टेनोबाईने चहा दिला. वकीलबाई त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसली.

“पाळककाका, तुम्ही ते चपलेचं पुन्हा सांगा ना.”

“कोणत्या चपलेचं, बेटा?”

“तुम्ही नाही का सांगितलंत, येशूला लहानपणी चपलेचा पट्टा लावता यायचा नाही. तो म्हणायचा, मी लावणार, मी लावणार. आणि मरीयेला घाई असायची तरी ती दारात उभी राहायची.”

पाळकसाहेबांनी कप खाली ठेवला, वकीलबाईकडे बघितलं, मग स्टेनोबाईकडे बघितलं.

“असं म्हणालो मी?” ते सावकाश म्हणाले. “बरं म्हणालो की.”

ते निघाले तेव्हा दारात तिने सगळं कबूल केलं. स्पीकर, होडी, चष्मा, घड्याळ, सगळं. पाळकसाहेब ऐकता ऐकता खाली पायरीवरच बसले.

“स्पीकर बंद आहे? अहो ताई, मला कोणी बोललं नाही! मी तर दर रविवारी मागे बघून खूश व्हायचो. म्हणायचो, बाकी कोणाला पटो न पटो, मागच्या आया कशा माना डोलावतायत.”

“आम्ही पोरांना डोलवत होतो, पाळकसाहेब.”

यावर ते इतके हसले की त्यांना चष्मा पुसावा लागला. दारामागून वकीलबाई म्हणाली, “आई, ते रडतायत.”

जाताना ते गंभीर झाले. “स्पीकरचं मी बघतो, पण त्याला वेळ लागेल. या रविवारी तुम्ही पुढे बसायचं. तुमच्या जागेवर, दुसऱ्या बाकावर. मुलांकडे तुमचे यजमान बघतील. गायनमंडळ एक दिवस खालच्या सुराशिवाय मरत नाही.”

रविवार उजाडला. स्टेनोबाईने ठेवणीतले कपडे घातले, ज्यांच्या खांद्यावर दुधाचा डाग नव्हता. ती दुसऱ्या बाकावर जाऊन बसली आणि हातांचं काय करावं हेच तिला कळेना. मांडीवर ठेवले, मग बाकाच्या कडेवर ठेवले, शेवटी एकमेकांत अडकवून टाकले. गाणी झाली. पाळकसाहेब उभे राहिले.

संदेश चांगला होता. खरंच चांगला होता. रस्त्याच्या कडेला बसलेला आंधळा भिकारी, प्रभू जातोय हे कळल्यावर ओरडू लागतो. लोक त्याला दटावतात, गप्प बस म्हणतात. आणि प्रभू त्या एवढ्या गर्दीत थांबतो. पाळकसाहेबांचा आवाज तिला कितीतरी काळाने असा समोरासमोर ऐकू येत होता. एकेक शब्द आत उतरत होता. तिला भरून आलं. हेच तर हवं होतं, ती मनात म्हणाली, हेच.

तेवढ्यात पाळकसाहेबांनी दोन्ही हात लांब पसरले. गर्दी केवढी होती ते दाखवायला. आणि स्टेनोबाईच्या मनात आलं, मागे आत्ता या हातांचं काय झालं असेल? होडी? की दुसरंच काही?

ती मान वळवणार नव्हती. पुढच्या बाकावरून मागे वळून बघणाऱ्यांचा तिला मनापासून राग होता. तिने मान वळवली.

काचेपलीकडे नवरा भिंतीला टेकला होता, खांद्यावर ढब्बू, दोघांचीही तोंडं उघडी, दोघंही झोपलेले. बेकरीवाली जागी होती. आणि खोलीतल्या बाकावर उभी राहून वकीलबाई हातवारे करत होती. खाली सतरंजीवर सगळी पोरं माना वर करून बसली होती. पाळकसाहेबांनी एक बोट उचललं, तिने दोन उचलली. तिचं तोंड सारखं हलत होतं. आवाज काही येत नव्हता.

स्टेनोबाई पुन्हा पुढे वळली. प्रभू थांबला होता, आंधळ्याला जवळ बोलावत होता. हा सगळ्यात महत्त्वाचा भाग. पण आता तिच्या कानात तो शिरेना. ती पोरगी काय सांगतेय? दोन बोटं कशाची? तिने पुन्हा मागे बघितलं. वकीलबाईने हात लांब करून बोट दाखवलं, नेमकं तिच्याकडे. सगळ्या पोरांनी वळून काचेतून तिच्याकडे बघितलं. मिशीवाला तर उठून काचेला नाक लावून उभा राहिला, आणि तिच्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे डोळे बारीक करून बघू लागला.

आता मात्र तिला राहवेना. साक्षीदार बोलतोय आणि आपल्याला ऐकू येत नाही, असं कोर्टात कधी झालं नव्हतं. ती उठली. वाकून, माफी मागत, म्हाताऱ्यांच्या गुडघ्यांना धडकत ती बाकातून बाहेर पडली. पाळकसाहेब तिच्याकडे बघून किंचित अडखळले आणि पुढे बोलू लागले. ती बाकांमधल्या वाटेने मागे गेली आणि खोलीचं दार तिने आवाज न करता थोडंसं उघडलं.

“पुढच्यांना पाळककाका सांगतात,” वकीलबाई सांगत होती. “मागच्यांना सांगायला कोणीच नसतं. म्हणून मागे देव स्वतःच येतो.”

“इथे?” मिशीवाल्याने विचारलं.

“मग! दर रविवारी येतो. आईबरोबर.”

“मग आज कुठाय?”

“आज आई पुढे गेली ना. मग तोही गेला. तिच्या शेजारी बसलाय. दोघं आहेत ते.” तिने पुन्हा दोन बोटं वर केली.

“मला नाही दिसला. नुसती तुझी आई दिसली.”

“संपलं की येतील,” वकीलबाई म्हणाली, अगदी पाळकसाहेबांसारखा हात उंचावून.

ज्या घरात आपल्याला देव ऐकू येत नाही म्हणून स्टेनोबाई मनात कुढत होती, त्याच घरातल्या पोरीला आई आणि देव यांचं येणं-जाणं एकत्रच वाटत होतं. कशावरून, असं विचारायचं तिच्या ओठांवर आलं होतं. पण बेकरीवालीने तिला बघितलं, आणि मग मिशीवाल्यानेही.

“आली!” तो ओरडला. ढब्बू दचकून जागा झाला आणि त्याने भोकाड पसरलं.

“मी म्हटलं नव्हतं?” वकीलबाई बाकावरून उडी मारत म्हणाली. “आई, आत ये ना, दारात काय उभी राहिलीस? मी थकले. आता तू सांग.”

मिशीवाला मात्र वाकून तिच्या मागे बघत होता. त्याचा चेहरा बघून तीही वळली आणि तिने मागे बघितलं. बाकांमधली वाट रिकामी होती. पलीकडे पाळकसाहेबांनी दोन्ही हात पसरले होते.

ती आत आली. नवऱ्याकडून ढब्बूला तिने कडेवर घेतलं. दार लोटायला हात पुढे केला, आणि मग जरा थांबली, अजून कोणाला आत यायचं असेल म्हणून.