सांगण्यासारखं काही नाही

किल्लीताईंना सगळ्यांनी मिळून वीस वर्षं क्षमा केली होती. कशाबद्दल, ते क्षमा करणाऱ्यांना ठाऊक नव्हतं, आणि क्षमा झाली आहे हे किल्लीताईंना ठाऊक नव्हतं.

ही मंडळी दर रविवारी टायरच्या दुकानावरच्या लांबट खोलीत भरायची. जिना बाहेरून, लोखंडी. खोलीला रबराचा वास. खाली हवा भरायचं यंत्र सुरू झालं की वर काही ऐकू यायचं नाही, त्यामुळे प्रार्थना मध्येच थांबवून सगळे डोळे मिटून यंत्र बंद व्हायची वाट बघत. पाळक आधी गावातल्या मोठ्या चर्चमध्ये होते. तिथे त्यांनी तुरुंगातून सुटलेल्या एका माणसाला पहिल्या बाकावर बसवलं. ज्या घरातले आजोबाही त्या बाकावर बसत, त्या घरातल्या बाईंनी पर्स उचलून दुसऱ्या बाकावर नेली. महिनाभराने पाळकांनाही आपलं सामान उचलावं लागलं. त्यांनी ही खोली घेतली आणि गाड्यांच्या नंबरप्लेट रंगवणाऱ्याकडून एक पाटी करून घेतली: ‘ज्यांना कुठेच जागा नाही, त्यांनी आत यावे.’ अक्षरं नंबरप्लेटसारखीच ठसठशीत आली.

तुरुंगातून सुटलेला तो माणूस त्यांच्याबरोबर आला. त्याला सगळे दरोडेखोर म्हणत. त्याने खरं तर एका हॉटेलच्या मागच्या दारातून गॅसच्या दोन टाक्या पळवल्या होत्या. पण इथे साक्ष द्यायची पद्धत होती. दर रविवारी कोणीतरी एकाने उभं राहून आपण कुठे होतो, काय केलं आणि इथपर्यंत कसे आलो ते सांगायचं. सांगता सांगता दरोडेखोराच्या टाक्या दोनाच्या सात झाल्या, मग त्यात एक चौकीदार आला, मग चौकीदाराच्या हातात काठी आली. कोणी हरकत घेत नसे. साक्ष जितकी भारी, तितका खोलीतला मान मोठा. बाटलीमामा आपल्या साक्षीत तीन वेळा गटारात पडायचे. पार्लरवालीला चौदाव्या वर्षी, म्हणजे घरच्यांच्या लेखी ती मुलगा होती तेव्हा, बापाने कपड्यांच्या पिशवीसकट रस्त्यावर उभं केलं होतं. तिची साक्ष मात्र चार वाक्यांची होती आणि ती कधी वाढली नाही.

किल्लीताईंनी साक्ष दिलेलीच नव्हती.

त्या हॉस्पिटलच्या कपड्यांच्या खोलीत कामाला होत्या. धुऊन आलेल्या चादरी, उशांच्या खोळी, टॉवेल मोजायचे, घड्या घालायच्या, वॉर्डांना पाठवायचे. विरलेली चादर उजेडाला धरून बघायची आणि तिच्यावर ‘बाद’ असा शिक्का मारायचा. बाद चादरीचेही त्या चांगले भाग कापून लहान मुलांच्या वॉर्डासाठी बेतत. मंडळीच्या खोलीतले पडदे अशाच चादरींचे होते, आणि त्यासाठी त्यांनी मेट्रनबाईंची सही घेतलेली होती. भाऊ-वहिनींकडे राहायच्या. झोपायला हॉलमधली घडीची कॉट. सकाळी सहाला कॉट भिंतीला उभी राहिली की किल्लीताईंची खोली मिटली.

वीस वर्षांपूर्वी त्या पहिल्यांदा जिना चढून वर आल्या तेव्हा घामेजलेल्या होत्या आणि तुटलेली चप्पल हातात होती. पाळकांनी त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि हलक्या आवाजात विचारलं, “काय झालं, बाई?”

“सांगण्यासारखं काही नाही,” किल्लीताई म्हणाल्या.

त्यांचा अर्थ अगदी साधा होता. पण ऐकणारी माणसं अशी, की त्यांच्यापैकी प्रत्येकाच्या पोटात काही ना काही न सांगण्यासारखं होतंच. पाळकांनी डोळे मिटले. दरोडेखोराने मान खाली घातली. बाटलीमामांनी चहा आणला आणि एवढं ओझं वाहणाऱ्या बाईला बळ हवं म्हणून त्यात तीन चमचे साखर घातली.

तेव्हापासून दर रविवारी तसाच चहा. किल्लीताईंना गोड चहा आवडत नसे. पण घरी त्यांच्या हातात कोणी चहाचा कप आणून देत नव्हतं, त्यामुळे त्या तो शेवटच्या थेंबापर्यंत पीत. खोलीत हात असलेली खुर्ची एकच होती, ती त्यांची. खोलीची किल्ली त्यांच्याकडे आली आणि नावही तेच पडलं. बाहेरचे पाहुणे आले की पाळक त्यांना कोपऱ्यात घेऊन हळूच सांगत, “त्या बाई बघितल्यात? इतकी वर्षं झाली, अजून तोंड उघडलेलं नाही. पण देव थांबतो.” पाहुणे चोरून बघत. किल्लीताई गाण्यांच्या वह्या मांडत असायच्या.

हरवलेल्या मेंढराची गोष्ट पाळक वर्षातून दोनदा तरी सांगत. शंभरातलं एक वाट चुकतं आणि मेंढपाळ नव्व्याण्णवांना सोडून त्याला शोधायला जातो. ऐकताना सगळे डोळे पुसत. किल्लीताईंच्या मनात मात्र यायचं, की तेवढा वेळ त्या नव्व्याण्णवांना पाणी कोणी दाखवलं असेल?

मंडळीला वीस वर्षं पूर्ण होणार म्हणून पाळकांनी जाहीर केलं, “येत्या रविवारी आपल्या किल्लीताई साक्ष देतील.”

बाटलीमामांनी किल्लीताईंचा हातच हातात घेतला. “आम्ही सगळे आहोत हो,” ते म्हणाले.

किल्लीताई घरी आल्या त्या धसका घेऊनच. आता सांगायचं काय? त्यांनी आयुष्य चाळून बघितलं. शाळेत कॉपी केली नव्हती. लग्न झालं नव्हतं, तेव्हा ते मोडण्याचा प्रश्न नव्हता. हॉस्पिटलमधून एकदा चुकून दोन खोळी घरी आल्या होत्या, त्या धुऊन, इस्त्री करून परत केल्या होत्या. शेवटी त्यांनी वहिनीलाच विचारलं.

“वहिनी, माझ्या हातून काय काय चुकलंय गं?”

वहिनी भाजी निवडत होती. तिने वरही बघितलं नाही. “टॉवेल उलटा वाळत घालतेस. भांडी पालथी घालताना पाणी निथळू देत नाहीस. कॉट उभी करताना भिंतीचा रंग गेला. फोनवर ‘कोण बोलतंय’ विचारत नाहीस. आणि माझी बहीण आली होती तेव्हा तोंड पाडून बसलीस.”

“कधी?”

“नव्वद साली.”

“याहून मोठं काही?”

“आता स्वतःच्या तोंडाने मोठं मागतेस?” वहिनी म्हणाली. “आणि तुला काय करायचंय? त्या चोर-दारुड्यांत बसून तुलाही काही करावंसं वाटायला लागलं की काय?”

बुधवारी किल्लीताई केस कापायला पार्लरवालीकडे गेल्या. मानेभोवती कापड गुंडाळून झाल्यावर पार्लरवालीने आरशात त्यांच्याकडे बघितलं. “रविवारी बोलायचं नसेल तर बोलू नकोस,” ती म्हणाली. “पोटात दुखतंय म्हण. मी सांगते त्यांना.”

“अगं, बोलायला माझ्याकडे काही नाहीच.”

“तेच तर म्हणतेय. वीस वर्षं जे बाहेर आलं नाही, ते कशाला उकरायचं?”

“काय बाहेर आलं नाही?”

कात्री थांबली. “तुला माहीत नाही? दरोडेखोर म्हणतो, तू कोणालातरी विष घातलंस. बाटलीमामा म्हणतात छे, मूल सोडून आली असणार. पाळक काही म्हणत नाहीत, पण तुझ्यासाठी प्रार्थना करतात तेव्हा आवाज कापतो त्यांचा.”

किल्लीताई आरशात स्वतःकडे बघत राहिल्या. एका बाजूचे केस आखूड, एका बाजूचे लांब.

“आणि तू? तू काय म्हणतेस?”

“मी?” पार्लरवालीने पुन्हा कात्री चालवली. “मी म्हणते, जिने दहा वर्षांत एकदाही मला ‘आधी काय नाव होतं’ असं विचारलं नाही, तिने एखाद-दुसरा मारला असला तरी चालेल.”

राग यायला हवा होता, आणि तो आलाही. पण घरी चालत येताना त्याच्या जागी भीती येऊन बसली. हात असलेली खुर्ची, तीन चमचे साखर, जिन्यावर पुढे होऊन पिशवी घेणारे हात: हे सगळं त्या विष घालणाऱ्या बाईसाठी होतं. खरं सांगितलं तर ती बाई जाणार. मग राहणार कोण? कॉटवाली. तिला तर घरी मिटून भिंतीला उभी करता येत होती.

दोन दिवस त्यांनी एखादं पाप रचायचा प्रयत्न केला. चादरींच्या घड्या घालता घालता एका भाडेकरूला जिन्यावरून ढकलूनही बघितलं. पण त्याला लागेल म्हणून मनातल्या मनात त्यांनी खाली गादी टाकली. तेव्हा त्यांना कळलं, की हे आपल्याला जमणार नाही.

रविवारी खोली भरली होती. दरोडेखोर इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. किल्लीताई उठल्या, खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या राहिल्या.

“मी काही केलेलं नाही,” त्या म्हणाल्या.

मागून कोणीतरी हुंदका दिला.

“ताई,” बाटलीमामा मायेने म्हणाले, “मीपण पहिली चार वर्षं हेच म्हणायचो. मी पीतच नाही म्हणायचो, आणि मला दोघांनी धरून जिना चढवलेला असायचा.”

“घाई करू नका,” दरोडेखोर म्हणाला. “खरं एकदम येत नाही. माझ्या साक्षीत चौकीदार यायला सहा वर्षं लागली.”

“अहो, पण खरंच...”

पाळकांनी हात वर केले. “प्रभू, आमच्या या बहिणीचं मन अजून घट्ट मिटलेलं...”

“पाळकसाहेब, डोळे उघडा!” किल्लीताई म्हणाल्या. ओल्या चादरी आणून टाकणाऱ्या वॉर्डबॉयशी त्या ज्या आवाजात बोलत, तो आवाज होता तो. पाळकांनी डोळे उघडले. “वीस वर्षांपूर्वी, त्या रविवारी...”

खालचं यंत्र सुरू झालं. किल्लीताई तोंड मिटून उभ्या. सगळे पुढे झुकून बसलेले. दरोडेखोराने शेजाऱ्याचा गुडघा घट्ट धरला होता. कुठला तरी मोठा ट्रक असावा, चाकं संपेनात. शेवटी यंत्र बंद झालं.

“त्या रविवारी,” किल्लीताई म्हणाल्या, “वहिनीच्या माहेरची माणसं यायची होती. आठ. घरात खुर्च्या सहा. वहिनी म्हणाली, तू जरा दोन तास फिरून ये. फिरता फिरता माझी चप्पल तुटली. वर बघितलं तर पाटी. कुठेच जागा नाही त्यांनी आत यावे. मला वाटलं, बसायची सोय असेल.”

शेजाऱ्याच्या गुडघ्यावरची पकड सुटली.

“एवढंच?” दरोडेखोराने विचारलं.

“एवढंच.”

“विष नाही?”

“नाही.”

“मी तुमच्यासाठी उपास केले हो!” दरोडेखोर उठून उभा राहिला. “तीन! कडक!”

“मग काय वाया गेले?” पार्लरवाली म्हणाली. “पोट तरी आत गेलं.”

“पण मग,” पाळक अडखळत म्हणाले, “दोन तासांसाठी आलात, तर पुढच्या रविवारी परत का आलात?”

किल्लीताईंना हा प्रश्नच कळला नाही. “पुढच्या रविवारीपण कोणीतरी येणारच होतं ना,” त्या म्हणाल्या. “आमच्याकडे दर रविवारी कोणीतरी येतं.”

आणि त्या खाली बसल्या.

साक्षीनंतर पाळक प्रार्थना करत, त्यात क्षमा मागत. आज त्यांनी हात वर केले, खाली घेतले, पुन्हा वर केले. क्षमा कोणी कोणाची मागायची, ते काही जुळेना. शेवटी ते नुसतंच “आमेन” म्हणाले. बाटलीमामांनी चहा दिला, पण सगळ्यांना देऊन झाल्यावर.

पुढच्या रविवारी किल्लीताई जाणारच नव्हत्या. सकाळी नऊपर्यंत त्यांचा निश्चय टिकला. मग लक्षात आलं, की किल्ली आपल्याकडे आहे, आपण गेलो नाही तर सगळे जिन्यावर ताटकळतील. शिवाय वहिनीची मावशी यायची होती. त्यांनी जाऊन कुलूप उघडलं, वह्या मांडल्या आणि दाराजवळच्या साध्या खुर्चीवर बसल्या.

दरोडेखोर आला. त्याने किल्लीताईंकडे न बघता नमस्कार केला आणि हात असलेल्या खुर्चीत जाऊन बसला. दोन्ही हातांवर हात ठेवून, ऐसपैस. “काही न केलेलं माणूस नियमात बसतं का, ते पाळकांनी एकदा बघायला हवं,” तो शेजाऱ्याला म्हणाला. “उद्या कोणीही येईल.”

“कोणीही यावं म्हणूनच पाटी आहे ना रे बाबा,” शेजारी म्हणाला.

“हो, पण कोणीही म्हणजे काय, अगदी कोणीही?”

बाटलीमामा किटली घेऊन एका टोकाने सुरू झाले. किल्लीताईंपाशी येऊन थांबले. डब्यातून चमचा भरून काढला आणि कपावर धरला. मग हात थांबला. विष नाही, मूल नाही. या बाईला साखर लागते किती, हे त्यांना कुठे माहीत होतं?

“ताई,” त्यांनी विचारलं, “साखर किती घालू?”

“अर्धा चमचा,” किल्लीताई म्हणाल्या.

“अर्धाच?” बाटलीमामांचा चेहरा पडला. “मग इतकी वर्षं तीन चमच्यांचा चहा कसा प्यालात?”

किल्लीताईंनी कप पुढे केला. सांगण्यासारखं काही नाही, असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलंही होतं. पण मिटून घेतलं.

“कसाबसा,” त्या म्हणाल्या.