चिंचेखालचा तटस्थ पट्टा

चहा हातात घ्या, पण मी सांगते तोवर घोट घेऊ नका. ठसका लागला तर मी जबाबदार नाही! फजिती माझीच आहे, आणि गंमत म्हणजे या सगळ्या प्रकरणात सर्वात शिकलेली बाईही मीच होते.

मी लातूरला राहून आंतरराष्ट्रीय संबंधांत पीएचडी करते. विषय, दोन देशांमधले सीमावाद. शिरूर अनंतपाळजवळच्या आमच्या सासरच्या गावात याचा अर्थ एवढाच पोहोचलाय, की सूनबाई भांडणांचा अभ्यास करते.

आणि भांडण तर घरातच होतं. माझे सासरे, त्यांना मी मामा म्हणते, आणि त्यांचे धाकटे भाऊ, म्हणजे काका, चार वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. कशावरून? दोघांच्या शेतांमधल्या बांधावर चिंचेचं झाड आहे, ते कुणाचं यावरून.

एरवी चाललं असतं हो. पण माझ्या नणंदेचा, वैशूचा, साखरपुडा रविवारवर आला. धर्माबादच्या पाहुण्यांनी निरोप धाडला, चुलते बैठकीत नसतील तर आम्हाला फेरविचार करावा लागेल. वैशूला मुलगा मनापासून आवडलेला. माझा हात धरून ती रडायलाच लागली.

"वहिनी, तू एवढं शिकून राहिलीस, कायतरी कर की."

मग काय विचारता! शुक्रवारी सकाळी मी मामांकडून काकांकडे, काकांकडून मामांकडे अशा सात चकरा मारल्या. अशा चकरांना आमच्या पुस्तकांत फार भारदस्त नाव आहे. प्रत्येक चकरेला चहा प्यावा लागतो, हे मात्र कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं नाही.

सातव्या चहाला तोडगा निघाला. बांधाच्या दोन्ही अंगांना तीन-तीन फूट तटस्थ पट्टा! त्यातलं झाड ना याचं, ना त्याचं. तो हात लावणार नसेल तर मी बी लावत न्हाई, असं दोघंही म्हणाले. एकमेकांचं तोंड बघायला मात्र अजून कुणी तयार नव्हतं. म्हटलं, रविवारपर्यंत होतील तयार.

दुपारी मी स्वतः चुन्याची पांढरी फक्की टाकून पट्टा आखला. काय तो रुबाब! तेवढ्यात गावातल्या कलावतीबाई तिथून चालल्या होत्या, त्या थांबल्या.

"मग ह्या चिंचा आता कुणाच्या?"

आता इथं साधं 'आमच्याच' म्हणायला माझं काय जात होतं? पण नाही. मी चष्मा सावरला.

"तत्त्वतः, कुणाच्याच नाहीत."

'तत्त्वतः' म्हणजे काय ते समजावायला मी तोंड उघडलं, तोवर बाई लगबगीनं गावाकडे निघाल्यासुद्धा.

शनिवारी सकाळी शेतात जाते तर काय, अर्धं गाव चिंचेखाली! काठ्या, पोती, टोपल्या. एक जण तर झाडावरच. मी ओरडतेय, अहो, हा तटस्थ पट्टा आहे! कलावतीबाईंनी पोत्याचं तोंड शांतपणे बांधलं आणि म्हणाल्या, तुमीच सांगितलं न्हवं का, कुणाच्याच न्हाईत म्हनून.

तोवर बातमी लागून एका बाजूनं मामा पळत आले, दुसऱ्या बाजूनं काका. दोघं बरोब्बर ओरबाडलेल्या झाडाखाली समोरासमोर. मला वाटलं, संपलं, वैशूचं लग्न मीच मोडलं. खरंच रडू फुटणार होतं.

"बघितलंस?" मामा म्हणाले. चार वर्षांतला पहिला शब्द.

"बघून राहिलो, दादा."

"ह्यात तुजी चूक हाय का?"

"न्हाई. तुमची बी न्हाई."

आणि दोघांनी एकदम माझ्याकडे पाहिलं.

पुढच्या दोन मिनिटांत करार झाला. मसुदा नाही, चहा नाही. कलमं दोनच. चिंचा निम्म्या-निम्म्या, आणि सूनबाईनं बांधावर पाय ठेवायचा न्हाई.

रविवारी दोघं भाऊ एकाच सतरंजीवर मांडीला मांडी लावून बसले होते. काका पाहुण्यांना हाच किस्सा सांगत होते, राहिलेलं मामा भरत होते. पाहुणे हसून हसून लाल, वैशूच्या बोटात अंगठी, आणि मी स्वयंपाकघरात तोंड लपवून बसलेली.

सोमवारी माझ्या मार्गदर्शक सरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, समान शत्रू मिळाला की वैरी एक होतात, हे तर तुम्हीच चौथ्या प्रकरणात लिहिलंय. आता हे उदाहरणही त्यात घाला.

घातलं. फक्त संशोधनाच्या नियमाप्रमाणे शत्रूचं नाव गुप्त ठेवलंय.