डोंगरावरचं भांडण

आमच्या ताईला गल्लीत सगळे ‘अनवाणी’ म्हणतात. तोंडावर नाही, तेवढी छाती कुणाची नाही. कामावरून आली की ती पिशवी दारातच टाकते, पायातलं काढते आणि वस्तीमागच्या डोंगरावर पळत सुटते. वयाच्या पंचेचाळिशीत. आईने आधी डोक्याला हात लावला, मग दृष्ट काढावी का विचारलं, मग नाद सोडला.

अँब्युलन्ससाठी लोक फोन करतात, तो उचलायचं ताईचं काम. खोली म्हणजे दवाखान्याच्या जिन्याखालचा एक खण. खिडकीच्या काचांना आतून रंग फासलेला, खुर्च्यांमधला स्पंज बाहेर आलेला, हेडफोनच्या गाद्या सगळ्यांच्या घामाने काळ्या पडलेल्या. ती पळायला लागली त्या वर्षी कशाचाच भरवसा नव्हता. पगार होईल का, दवाखाना चालू राहील का, कुणालाच ठाऊक नव्हतं. गाड्या कमी होत चालल्या. एकीचं इंजिन बसलं, एकीचा ड्रायव्हर काढला, उरलेल्यांच्या डिझेलला कात्री लागली. नव्या साहेबांनी त्यावर तोडगा काढला. गाडी असो नसो, फोन करणाऱ्याला सांगायचं, “गाडी निघाली आहे.” लोकांना धीर येतो आणि बोंबाबोंब होत नाही.

ताई दिवसभर ते वाक्य म्हणायची आणि घरी येऊन भांडी आदळायची. भांड्यांनी तुझं काय घोडं मारलंय, असं आई विचारायची. एकदा अशीच तणतणत ती बाहेर पडली, ती थेट डोंगरावर. अर्ध्या चढावर बुटाचा तळ सुटून लोंबायला लागला. तिने दोन्ही बूट काढून दरीत भिरकावले आणि तशीच वर पळाली. परत आली तेव्हा तळपाय सोलवटले होते, पण कपाळावरची आठी गेली होती. तेव्हापासून बूट नाहीत.

मी विचारलं तर म्हणाली, बूट असले की पळतानाही डोक्यात फोन वाजत राहतात. अनवाणी असलं की पुढचा दगड बघावाच लागतो.

ती वर जाऊन करते काय, हे बघायला मी एकदा तिच्या मागे गेलो. धापा टाकत पोहोचलो आणि झुडपाआड थांबलो. मला वाटलं होतं, डोळे मिटून बसत असेल. कसलं काय! कड्यावर उभी राहून ती आभाळाशी भांडत होती.

“तूही सगळ्यांना तेच सांगतोस ना, येतोय म्हणून? मग ये की!”

बराच वेळ असं चाललं. मग ती गुडघ्यांवर बसली आणि तिने खडकाला कपाळ टेकलं. मी पाय न वाजवता खाली आलो. आईने विचारलं तेव्हा सांगितलं, प्रार्थना करते. ते खोटं नव्हतं.

मग एका सकाळी एक सुतार तिला शोधत त्या जिन्याखाली आला. त्याची बायको दम लागून गेली होती. फोनवर दर वेळी ताईचाच आवाज होता म्हणे. आभार मानायला त्याने स्वतःच्या हाताने लाकडी डबा करून आणला होता.

“तुमच्या बोलण्याने तिला धीर होता, बाई,” तो म्हणाला. “शेवटपर्यंत दाराकडे बघत होती.”

ताईने डब्याला हात लावला नाही. “भाऊ, गाडी निघालीच नव्हती. मी खोटं बोलले.”

सुताराने डबा खाली ठेवला. मग म्हणाला, “शेजाऱ्याचा टेम्पो दारात होता. चल म्हणत होता. गाडी निघालीय, असं मीच त्याला सांगितलं.”

डबा उचलून तो निघून गेला.

ताई भर उन्हात घरी आली आणि पिशवी टाकून पळाली. घाबरून मीही मागोमाग गेलो. खडक तव्यासारखे तापले होते. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, ती मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिली. वर पोहोचल्यावर ती भांडली नाही. नुसती ओरडली, घसा बसेपर्यंत. त्या ओरडण्यात एकही शब्द नव्हता. उतरताना एवढंच म्हणाली, “उद्यापासून नाही.”

दुसऱ्या दिवसापासून ती प्रत्येकाला खरं सांगायला लागली. गाडी नाहीये. शेजारीपाजारी कुणाची मिळते का बघा, तोवर काय करायचं ते मी सांगते. लोक शिव्या द्यायचे. ती ऐकून घ्यायची आणि पुन्हा सांगायची. साहेबांनी बोलावून घेतलं. धीर देणं हेच तुमचं काम आहे, असं समजावलं.

“हा धीर नाही, साहेब, थाप आहे,” ताई म्हणाली. “आणि ती ऐकून माणसं दाराकडे बघत मरतात.”

तिला घरी बसवलं. सुताराने तक्रार केली, चौकशी लागली, आणि ताईने जाऊन साक्ष दिली. साहेबांचा हुकूम सांगितला, स्वतःचं खोटंही सांगितलं. हुकूम गुपचूप मागे घेतला गेला. आता त्या खोलीत गाडी नसली की नाही म्हणतात. गाड्या मात्र वाढल्या नाहीत. ताईला परत घेतलं, पण फोनवरून उचलून कोठारात टाकलं, घोंगड्या आणि ऑक्सिजनची नळकांडी मोजायला. सुतार रस्त्यात दिसला तर मान फिरवतो. त्याचं बरोबर आहे, असं ताई म्हणते.

साहेबांना बढती मिळाली.

ही बातमी आली त्या दिवशी ती डोंगर चढून उतरली आणि पाणीसुद्धा न पिता पुन्हा निघाली. आई दाराशी आली. आता आई तिला ओरडणार, असं मला वाटलं.

“वर गेलीस की,” आई म्हणाली, “त्या वरच्याला माझ्या वतीनेही दोन शब्द सुनाव.”